कोणतं बटण, कोणतं बोट

समोरच्याने उडी मारली. तो हवेतून तुमच्या अंगावर उतरेपर्यंत साधारण पाऊण सेकंद जातो. त्यातला पाव सेकंद डोळ्यांना दिसण्यात आणि मेंदूला कळण्यात संपतो. उरलेल्या वेळात, त्याचे पाय जमिनीला टेकायच्या आत, ‘स्ट्रीट फायटर’मधल्या र्‍यूने उसळी घेऊन त्याला ठोसा मारायला हवा. त्यासाठी पुढे, मग खाली, मग तिरकं खाली-पुढे आणि त्याच दमात ठोशाचं बटण, हा क्रम बोटांकडून बिनचूक यावा लागतो. या ठोशाला शोर्युकेन म्हणतात. फायटिंग गेम शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला महिना याच एका ठोशापाशी अडतो.

नवखा खेळाडू सहसा विचारतो की कोणतं पात्र घेऊ, कोणतं गेमपॅड विकत घेऊ. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा आहे: कोणतं काम कोणत्या बोटाला द्यायचं? हे गेम सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतात आणि चालींचा हिशेब त्या चित्रांतच, म्हणजे फ्रेममध्ये, होतो. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. अंगठा एका बटणावरून दुसऱ्यावर सरकण्यात काही फ्रेम जातात, आणि अटीतटीच्या सामन्यात निकाल तेवढ्यावर फिरतो.

आज सहज गृहीत धरली जाणारी सहा बटणं सुरुवातीला नव्हती. १९८७ सालच्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’च्या मोठ्या यंत्रावर दोनच दाबपट्ट्या होत्या, एक ठोशाची, एक लाथेची. जितक्या जोरात हाणाल तितका फटका मोठा. ही कल्पना मागे पडली आणि तिच्या जागी हलका, मध्यम, जोरदार असे तीन ठोसे आणि तीन लाथा आल्या. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने ही मांडणी जगभर नेली. खेळाचं स्वरूपच त्याने बदललं. दंडातली ताकद बाजूला झाली. कोणता फटका कधी निवडायचा हे महत्त्वाचं ठरलं. हलका ठोसा झटकन निघतो पण फारसं दुखवत नाही, जोरदार ठोसा उशिरा निघतो, आणि चुकला तर तुम्ही उघडे पडता.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॉइन टाकून ‘मुस्तफा’ किंवा ‘किंग ऑफ फायटर्स’ खेळलेल्यांना आठवत असेल, तिथे मांडणी निवडायचा प्रश्नच नव्हता. डाव्या हाताला जॉयस्टिक, उजव्या हाताला बटणं, आणि उजव्या हाताची सगळी बोटं मोकळी. निवड करायची वेळ आली ती हा खेळ घरात शिरल्यावर, कारण घरच्या पॅडवर बटणांचा बहुतेक भार एकट्या अंगठ्यावर पडतो. १९९२ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ सुपर निन्टेन्डोवर आला, तेव्हा त्या पॅडवर समोर चार आणि खांद्यावर दोन अशी नेमकी सहा बटणं होती. हलके आणि मध्यम फटके अंगठ्याला, जोरदार फटके तर्जनींना. सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या पॅडला तीनच बटणं होती, म्हणून १९९३ साली कंपनीने सहा बटणांचा वेगळा पॅड काढला.

तीच वाटणी थोड्या फरकाने आजही चालते. प्लेस्टेशनच्या पॅडवर चौकोन हा हलका ठोसा, त्रिकोण मध्यम ठोसा, फुली हलकी लाथ, गोल मध्यम लाथ. जोरदार ठोसा आणि जोरदार लाथ उजव्या खांद्यावरच्या दोन बटणांवर. पॅड हातात घेऊन बघा. अंगठा आडवा टेकवला की चौकोन आणि फुली एकदम दबतात. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये हलका ठोसा आणि हलकी लाथ एकत्र म्हणजे पकड, त्यामुळे पकड सोपी जाते. मध्यम ठोसा आणि मध्यम लाथ एकत्र म्हणजे ‘ड्राइव्ह पॅरी’, म्हणजे येणारा फटका झेलून परतवणं. तीही अंगठ्याने जमते, पण त्याला तेवढं उजवीकडे सरकावं लागतं. जोरदार ठोसा आणि जोरदार लाथ एकत्र म्हणजे ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’. तो समोरच्याने मारला की उत्तरही बहुधा ड्राइव्ह इम्पॅक्टनेच द्यायचं असतं, आणि ते धक्का बसल्यासारखं तत्क्षणी. इथे तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही खांद्यावर तयार नसतील तर वेळ निघून जाते.

डाव्या खांद्यावरची बटणं कामी येतात ती इथेच. गेमच्या सेटिंगमध्ये दोन किंवा तीन बटणांचं एकत्रित काम एका बटणाला देता येतं. ते जरूर द्या. अनेक नवे खेळाडू याला पळवाट समजतात आणि उगीच अंगठ्याला कसरत करायला लावतात. गेमने स्वतः दिलेली ही सोय स्पर्धेतही चालते. चालत नाही ते एका दाबात चालींची अख्खी मालिका सोडणारं मॅक्रो, किंवा आपोआप दाबत राहणारं टर्बो. माझा आग्रह एवढाच की मोकळ्या बोटाला असं काम द्यावं जे घाईत, घाबरलेल्या अवस्थेत करावं लागतं. निवांत वेळी करायच्या गोष्टी अंगठा सांभाळेल.

यापेक्षा मोठा निर्णय २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ने खेळाडूंपुढे ठेवला: क्लासिक की मॉडर्न? क्लासिक म्हणजे जुनी सहा बटणं आणि दिशांचे क्रम. मॉडर्नमध्ये हल्ल्याची बटणं तीन आणि विशेष चालीचं एक. पुढची दिशा धरून ते दाबलं की र्‍यूचा शोर्युकेन निघतो, सरळ दाबलं की हादोकेन, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला क्रम एका दाबात संपतो. किंमतही आहे. अशी सोप्या रीतीने काढलेली चाल २० टक्के कमी नुकसान करते, आणि काही साधे ठोसे-लाथा मॉडर्नमध्ये हाती लागतच नाहीत. २०२० च्या ‘ग्रॅनब्लू फॅन्टसी व्हर्सेस’ने हीच किंमत वेगळ्या रूपात लावली होती: सोप्या रीतीने चाल काढली की ती पुन्हा वापरायला जास्त वेळ थांबायचं.

मॉडर्न म्हणजे फसवणूक, असं जुने खेळाडू म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. अधिकृत स्पर्धांत ते चालतं. शिवाय नवख्याला या खेळातली खरी गंमत, म्हणजे समोरचा आता काय करेल हे ओळखणं, बोटं अडखळत असताना दिसतच नाही. मॉडर्न ती लवकर दाखवतं. त्यात दिशांचा क्रम देऊनही चाल काढता येते आणि तेव्हा नुकसान पूर्ण होतं, म्हणजे शोर्युकेन बटणावर ठेवून हादोकेन बोटांनी घोटण्याची मुभा आहे. ज्याला दिवसाकाठी अर्धा तासच मिळतो त्याने निःसंकोच मॉडर्न घ्यावं. ज्याला हाताच्या कौशल्याचीच ओढ आहे, त्याने मात्र पहिल्या दिवसापासून क्लासिक घ्यावं आणि काही आठवडे हरायची तयारी ठेवावी. तिसरा ‘डायनॅमिक’ प्रकार लहान मुलांसोबत घरी खेळायला ठीक, ऑनलाइन सामन्यात तो नाहीच.

पात्रही हाताला वळण लावतं. गाइलला मागची दिशा काही क्षण धरून ठेवून मग पुढे ढकलावी लागते. त्याच्या खेळाडूचा डावा अंगठा सतत दाबलेला असतो. झँगिएफच्या मोठ्या पकडीला दिशांचं पूर्ण वर्तुळ लागतं, आणि वर दिशा लागली की तो उडी मारतो. ‘टेकन’मध्ये तर मांडणीच निराळी: चार बटणं म्हणजे दोन हात आणि दोन पाय. तिथे दोन्ही हात किंवा दोन्ही पाय एकत्र लागणाऱ्या चाली खांद्यावरच्या बटणांवर ठेवणं हे पहिलं काम.

पॅड की स्टिक, हा वाद मात्र मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. फ्रान्सचा लुफी २०१४ साली ‘इव्हो’ ही सर्वांत मोठी स्पर्धा जिंकला तो पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर. २०२४ ची ‘इव्हो’ ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये जिंकणारा अमेरिकेचा पंकही पॅडवरच खेळतो. जपानचा दाइगो उमेहारा वर्षानुवर्षं स्टिकवर खेळून पुढे दिशांसाठीही बटणंच असलेल्या, दांडी नसलेल्या कंट्रोलरकडे वळला. ‘ब्रोलीलेग्ज’ नावाने ओळखला जाणारा माइक बेगम जन्मापासून सांध्यांच्या आजारामुळे हात वापरू शकत नव्हता. तो तोंडाने पॅड चालवून स्पर्धा खेळला. हांगझोऊच्या आशियाई खेळांत २०२३ साली ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’चं सुवर्ण जिंकणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता. त्या स्पर्धेत भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते.

एकदा मांडणी ठरली की ती सारखी बदलू नये. पेटी शिकताना गुरुजी कोणत्या स्वराला कोणतं बोट ते आधी ठरवून देतात, आणि चुकीचं बोट एकदा बसलं की ते सोडवायला दुप्पट वेळ जातो. इथेही तसंच आहे. बदल करायचा तो पहिल्या आठवड्यातच, आणि अंगठा किंवा मनगट दुखू लागलं तर लगेच. पारख करण्यासाठी ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या बाहुल्याला उड्या मारायला लावा आणि त्याला खाली पाडत राहा. आधी डावीकडून, मग उजवीकडून, कारण बाजू बदलली की दिशांचा क्रम उलटतो. दहापैकी सात-आठ वेळा हात आपसूक गेला तर मांडणी तुमच्या हाताला बसली. मग ती कागदावर लिहून ठेवा. स्पर्धेत दुसऱ्याच्या यंत्रावर बसावं लागतं, सामन्याआधी बटणं तपासायला थोडाच वेळ मिळतो, आणि चुकीच्या सेटिंगवर सुरू झालेला सामना मध्ये थांबवला तर ती फेरी गमवावी लागू शकते.