सागरी कयाक : उलटल्यावर पुनरारोहण

सागरी कयाक उलटल्यानंतर वल्हेकऱ्याने दुसऱ्या नावेच्या मदतीवाचून तीत पुन्हा बसण्याची क्रिया. कयाक ही लांबट, अरुंद व वरून बंदिस्त अशी नाव असून उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्यूइट लोक लाकडी वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती शिकारीसाठी बनवीत. अरुंदपणामुळे ती वेगवान, पण सहज कलंडणारी असते. बैठकीतून बाहेर न पडता वल्ह्याच्या फटकाऱ्याने नाव सरळ करण्याच्या कृतीस कोलांटी म्हणता येईल. यूरोपीयांपैकी ती प्रथम साधल्याचे श्रेय ऑस्ट्रियाचे एदी हान्स पावलाटा यांना दिले जाते (१९२७).

कोलांटी न साधल्यास कमरेभोवतीची जलरोधी झालर सोडवून बाहेर यावे लागते. अशा वेळी नाव व वल्हे हातून सुटू न देणे महत्त्वाचे असते. कारण रिकामी कयाक वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जाऊ शकते.

पुनरारोहणासाठी वल्ह्याच्या एका पात्यावर हवेची पिशवी चढवून फुगवितात. नाव झटकन सरळ करून वल्हे बैठकीच्या मागे काटकोनात आडवे ठेवतात. त्यामुळे पिशवी पाण्यावर तरंगत राहते. कोकणातील होडीला बाजूस जोडलेल्या उलांडीचेच हे तात्पुरते रूप होय. वल्हेकरी पाय वल्ह्याच्या दांड्यावर टाकून नावेच्या मागील भागावर पालथा चढतो, पाय बैठकीत सरकवितो आणि शरीराचा भार पिशवीच्या बाजूस ठेवूनच वळून बसतो. आत साचलेले पाणी हातपंपाने काढून झालर लावल्यानंतरच पिशवी उतरवितात. पुढील व मागील भाग जलाभेद्य आडभिंतींनी बंद असतील, तर पाणी फक्त बैठकीत शिरते. तसे नसल्यास पाण्याने भरलेली नाव चढल्यावर पुन्हा उलटते. उलांडीविना, मागील टोकाकडून घोड्यावर बसावे तसे चढून पुढे सरकण्याची पद्धत जलद आहे; मात्र तीत तोल अधिक लागतो.

प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाने शक्ती घटते आणि थंड पाण्यात बोटे लवकर बधिर होतात. म्हणून ही कृती संकटापूर्वीच अंगवळणी पडावी लागते. बुलढाणा जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही; तथापि नळगंगा व खडकपूर्णा या धरणांच्या जलाशयांसारख्या विस्तृत पाण्यावरही हेच तत्त्व लागू पडते. वळवाच्या पावसापूर्वी सुटणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याने तेथे लाटा उठतात आणि काठ दूर असल्यास पोहून जाणे धोक्याचे ठरते. सराव संबंधित खात्याच्या परवानगीने, शांत हवेत, काठाजवळ व जाणत्या सोबत्याच्या नजरेखाली करावा. अंगात जीवरक्षक जाकीट व जवळ शिटी असावी. शांत पाण्यात क्रिया सहज जमू लागल्यानंतरच ती लाटांत आजमावणे इष्ट असते.