गोळी किती अंतरावरून झाडली? जखमेची साक्ष आणि तिच्या मर्यादा

गोळी लागून मृत्यू झाला की तपास अधिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो : ही आत्महत्या, अपघात की खून? उत्तराचा मोठा भाग बंदुकीच्या नळीचे तोंड आणि शरीर यांमधील अंतरात दडलेला असतो.

नळीतून केवळ गोळी बाहेर पडत नाही. तिच्यासोबत ज्वाळा, तप्त वायू, काजळी आणि दारूचे अर्धवट जळलेले कण येतात. हे घटक गोळीइतके दूर जात नाहीत. त्यामुळे त्यांपैकी काय काय शरीरापर्यंत पोहोचले, यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो.

नळी डोक्याला टेकवून गोळी झाडल्यास वायू त्वचेखाली शिरतो आणि जखम बहुधा चांदणीसारखी फाटते. काही सेंटीमीटरवरून झाडल्यास भोवती काजळी व भाजल्याच्या खुणा दिसतात. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर असल्यास साधारणतः ६० सेंटीमीटरपर्यंत दारूचे कण त्वचेत रुतून गोंदल्यासारखे ठिपके उमटतात. त्यापलीकडे उरते केवळ छिद्र आणि त्याच्या कडेचे खरचटलेले वर्तुळ. मग अंतर दोन मीटर होते की वीस, हे जखम सांगू शकत नाही.

हे आकडे शस्त्र व काडतुसानुसार बदलतात. म्हणून प्रयोगशाळेत तेच शस्त्र आणि त्याच प्रकारची काडतुसे वापरून निरनिराळ्या अंतरांवरून कापडावर गोळ्या झाडतात व खुणा ताडून पाहतात.

मात्र अंतर कळले म्हणून हेतू कळतोच असे नाही. मुंबईत १९५९ मध्ये घडलेल्या नानावटी प्रकरणात झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. गोळ्या जवळून लागल्या एवढ्याने तो सिद्धही होत नव्हता आणि खोटाही ठरत नव्हता. कारण झटापटीतली गोळी जवळूनच लागते आणि नेम धरूनही जवळून मारता येते. आहुजा यांच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला नव्हता, यासारख्या परिस्थितिजन्य पुराव्यालाही तिथे महत्त्व आले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

ही साक्ष नाजूकही असते. त्वचेतले ठिपके धुतल्याने जात नाहीत. काजळी मात्र सहज पुसली जाते. अंगावर कपडे असतील तर बरेचसे कण तेच अडवतात. म्हणून रक्ताने माखलेले कपडे धुणे, जाळणे वा फेकणे म्हणजे नकळत पुरावा नष्ट करणे होय. ते न झटकता, सावलीत वाळवून, कागदात स्वतंत्र गुंडाळून प्रयोगशाळेत पोहोचले, तरच निर्दोष माणसाची सुटका आणि अपराध्याची शिक्षा यांना भक्कम आधार मिळतो.