घशातला लुकलुकता दिवा

जिभेचं टोक गॉझच्या तुकड्यात धरून डॉक्टर ते बाहेर ओढून ठेवतात, बारीक पोलादी दुर्बीण टाळूखालून मागे सरकवतात आणि वर सांगतात, “ई म्हणा.” जीभच दुसऱ्याच्या हातात असल्यावर निघतो तो ना धड ई, ना धड ए. तरीही ‘ई’च हवा, कारण तो म्हणताना जिभेचं मूळ पुढे येतं, स्वरयंत्रावरचं झाकण उचललं जातं आणि मागचे स्वरतंतू उघडे पडतात.

ते जिवंत माणसात पाहण्याची वाट रुळवली ती एका गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशातून त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचाच गळा गाताना पाहिला. पुढच्या वर्षी हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलं गेलं. गार्सिया १०१ वर्षं जगले, म्हणजे पुढे या शोधाचं वैद्यकीय शास्त्र झालेलं त्यांना पाहता आलं.

पण आरशात दिसायचं ते धूसर. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा उघडमीट करतात, बाईचे दोनशेच्या आसपास. डोळा त्यामागे धावू शकत नाही. १८७८ मध्ये म्युनिकच्या एर्टेल यांनी प्रकाशच तुकड्यातुकड्याने सोडला. स्ट्रोबोस्कोप आजही तेच करतो. माइक आवाजाची कंपनसंख्या पकडतो. दिवा नेमका त्याच गतीने चमकला तर तंतू दर वेळी एकाच स्थितीत सापडतात आणि चित्र थिजतं. सेकंदाला एखाद-दीड चमक कमी पडू दिली, की ते दर वेळी किंचित पुढे सरकलेले दिसतात. पडद्यावर संथ लाट चालू होते. तंतूंच्या कडेचं ओलसर अस्तर सरकतं तीच ही लाट. ती एखाद्या जागी अडली, तर तिथे अस्तर ताठ झालंय: व्रण असेल, जुना वण असेल, क्वचित कर्करोगाची सुरुवातही.

गंमत अशी, की ती लाट तशी कधी घडलेलीच नसते. प्रत्येक क्षणचित्र वेगळ्या कंपनातलं. जोडकाम आपल्या नजरेचं. कंपनं एकसारखी असतील तोवर हे खपतं. आवाज फारच खरखरीत झाला, कंपनांचा ताल सुटला, की दिव्याला धरायला गतीच उरत नाही. रोगी जितका बेजार, तितकं यंत्र हतबल. मला हा त्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो. सेकंदाला हजारो चौकटी टिपणारा कॅमेरा ही अडचण सोडवतो, पण ४,००० चौकटींचं एका सेकंदाचं चित्रण २५ च्या गतीने पाहायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागतात. गर्दीच्या ओपीडीत हे कोण बघत बसणार?

म्हणून कान सुटत नाही. जपानी तज्ज्ञांची एक पद्धत जगभर चालते: एकूण बिघाड, खरखर, हवेशीरपणा, क्षीणपणा आणि ताण यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. दोन चिकित्सकांचे गुण नेहमी जुळतातच असं नाही, हेही खरं. शेवटी स्टॉपवॉच. एका श्वासात ‘स्स्स’ किती टिकतो आणि ‘झ्झ्झ’ किती? ‘स’ला स्वरतंतू थरथरत नाहीत, ‘झ’ला थरथरतात. दोन्ही लवकर संपले तर संशय श्वासावर जातो. ‘स’ व्यवस्थित टिकून ‘झ’च आटपला, तर तंतू नीट मिटत नसावेत, आणि रुग्णाला पुन्हा दिव्याकडे पाठवावं लागतं.