‘डेली’ की ‘वीकली’?

आपण ‘परवा आलो’ म्हणतो, तसेच ‘परवा येईन’ही म्हणतो. काळ क्रियापदावरून कळतो. इंग्रजीत मात्र या दोन दिवसांना वेगवेगळे शब्द लागतात. ‘यस्टर्डे’, ‘टुमारो’ बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’ मुख्य क्रियापदाच्या आधी : ‘ही ऑल्वेज गेट्स अप अर्ली.’ ‘इज’ असेल तर त्यानंतर : ‘शी इज नेव्हर लेट.’

औषधाच्या चिठ्ठीवर हे शब्द नीट वाचावेत. ‘ट्वाइस डेली’ म्हणजे दिवसातून २ वेळा, ‘वीकली’ म्हणजे आठवड्यातून एकदाच. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. घरातल्या शिकत्या मुलामुलींकडून चिठ्ठी वाचून घ्या. शंका आली तर डॉक्टरांना विचारा.