प्रत्येक गांठ कर्करोगाची नव्हे

बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगराळ मुलखांत धनगर मेंढ्या चारतात, आणि कळपाबरोबर राखणदार कुत्रा असतोच. या इमानी प्राण्याच्या आंतड्यांत कधीं कधीं सुमारें ३ ते ६ मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमि राहतो. त्याचीं अंडीं विष्ठेवाटे गवतांत मिसळून मेंढीच्या पोटांत गेलीं, म्हणजे तिच्या यकृतांत वा फुप्फुसांत पाण्यानें भरलेली गांठ वाढते. तें काळीज-फुप्फुस कुत्र्यानें कच्चें खाल्लें कीं कृमीचें चक्र पुरें होतें. १८५३ सालीं जर्मन शास्त्रज्ञ फॉन सीबोल्ड यांनीं हें प्रयोगानें दाखविलें.

हींच अंडीं न धुतलेल्या हातांवाटे माणसाच्या पोटांत गेल्यास त्यालाही तशीच गांठ होते. हिला हायडॅटिड म्हणतात. ती वर्षानुवर्षें निमूटपणें वाढते. मग क्ष-किरणचित्रांतील तिची छाया पाहून कर्करोगाचा संशय येतो व घर हवालदिल होतें. पुरेशा तयारीवांचून तींत सुई खुपसल्यास आंतील द्रव सांडून प्राणावर बेतूं शकतें, शिवाय नव्या गांठीही उद्भवतात. म्हणून मेंढ्या-कुत्र्यांचा सहवास असल्यास तो डॉक्टरांस आधींच सांगावा. सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन व रक्ततपासणी यांनीं बहुधा उलगडा होतो. आल्बेंडाझोल किंवा शस्त्रक्रिया यांनीं रोग बरा होऊं शकतो.

विद्यार्थिमित्रहो, कुत्र्यास कुरवाळल्यावर हात धुवा. त्यास कच्चें काळीज घालूं नका. मात्र गांठ कृमीचीच असेल असें मानून घरीं स्वस्थ बसणेंही तितकेंच घातक होय. निर्णय तपासणीनेंच व्हावा.