बंदुकीचा बार आणि कान: शेतराखण करणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

अणदूर परिसरात ज्वारी, तूर, हरभऱ्यात रानडुकरे आणि हरणे शिरू लागली की रात्रीची राखण सुरू होते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे. रानडुकरालाही वन विभागाच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. म्हणून जनावरे आवाजाने हुसकावली जातात. त्यासाठी सुतळी बॉम्ब लावतात, पाइपात कार्बाइडचा बार काढतात, तर क्वचित एखाद्याकडे परवान्याची बारा बोअर असते. बार झाला की कानाला दडे बसतात, शिट्टी वाजल्यासारखे होते. "सकाळपर्यंत मोकळे होतील" असे म्हणून माणूस झोपतो. बऱ्याचदा मोकळे होतातही, पण म्हणून कान पूर्ववत झाला असे समजू नये.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात सुमारे 15,000 सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची लहर पकडून ती मेंदूकडे पाठवणे हे त्यांचे काम. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. साधे बोलणे साधारण 60 डेसिबल असते. बारा बोअरचा बार 150 ते 165 डेसिबलपर्यंत जातो. प्रत्येक 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, त्यामुळे हा फरक आकड्यात दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. मोठ्या माणसाच्या कानावर 140 आणि मुलांच्या कानावर 120 डेसिबलपेक्षा जास्त धमाका पडू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यापुढे एकच बार पुरेसा ठरू शकतो. कान दुखला नाही म्हणजे इजा झाली नाही, असेही नाही.

आधी जाते ती बारीक, उंच पट्टीच्या आवाजांची जाण. स, श, फ, थ ही अक्षरे निसटतात. म्हणून "ऐकू येते, पण शब्द कळत नाही" अशी तक्रार असते. लहान मुलांचे बोलणे समजत नाही, टीव्हीचा आवाज वाढतो. ही गोष्ट रुग्णाआधी घरच्यांच्या लक्षात येते. उजव्या खांद्यावर बंदूक टेकवणाऱ्याचा डावा कान सहसा जास्त बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो.

मझल ब्रेकने आवाज कमी होतो का?

उलट वाढतो. मझल ब्रेक म्हणजे नळीच्या टोकाला बसवलेला भोकांचा तुकडा. गोळीमागचा वायू तो बाजूला आणि मागे वळवतो, त्यामुळे खांद्याला धक्का कमी बसतो. पण तोच वायू आवाज घेऊन चालवणाऱ्याकडे आणि शेजारी उभ्या असलेल्यांकडे येतो. कानाशी आवाज 5 ते 10 डेसिबलने वाढू शकतो. आपल्याकडच्या बारा बोअरला हा तुकडा सहसा नसतो. तो मोठ्या रायफलींना आणि बोफोर्ससारख्या तोफांना असतो. घरात कोणी तोफखान्यातून निवृत्त झाले असेल, तर त्यांची श्रवण तपासणी जरूर करून घ्या.

कान कसे झाकावेत?

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे. मोबाइलचे इअरफोनही चालत नाहीत. औषध दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारे फोमचे इअरप्लग स्वस्त असतात. बोटांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून आत घालावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. अर्धवट बाहेर राहिलेला प्लग फारसे काही अडवत नाही. बंदुकीसाठी प्लगवर इअरमफही लावावा. झाकल्यावर डुकराची चाहूल लागत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी मफ गळ्यात ठेवा, बार काढण्याआधी चढवा. सोबत्यालाही द्या. मुलांना मात्र राखणीला नेऊच नका. कार्बाइडचा पाइप तर घरातच नको. 2025 च्या दिवाळीत भोपाळमध्ये त्याने अनेक मुलांचे डोळे जखमी झाले.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बारानंतर ऐकू कमी येत असेल, कानातून रक्त किंवा पाणी येत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी. नुसती शिट्टी वाजत असली तरी दुसऱ्या दिवशी थांबली नाही तर जावे. कानात लसणाचे कोमट तेल किंवा कुठलेही थेंब घालू नयेत. पडदा फाटला असेल तर त्याने संसर्ग होतो. आंघोळीचे पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका. अणदूरहून सोलापूर साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओमेट्रीची सोय आहे. काही रुग्णांना स्टेरॉइड दिले जाते आणि ते पहिल्या काही दिवसांतच सुरू करावे लागते. मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा, कारण या औषधाने साखर वाढते. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी आणि दोन्ही अहवाल जपून ठेवावेत.