स्पॅनिश शिकायला सालामांकाला जाताय?

माद्रिदहून दोनशेएक किलोमीटरवरचं सालामांका हे 1218 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचं गाव. परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशचे वर्ग इथे 1929 पासून भरतात, त्यामुळे गावाला नवख्यांची सवय आहे. नवख्यांना गावाची नसते. निघण्याआधी कानावर आलेल्या बऱ्याच गोष्टी पहिल्या चार दिवसांतच खोट्या ठरतात.

सगळ्यांची लाडकी गोष्ट राजाची. स्पेनचा एक राजा म्हणे बोबडा होता, दरबाऱ्यांनी त्याची री ओढली आणि ‘ग्रासियास’चं ‘ग्राथियास’ झालं. गोष्ट झकास आहे, पण बिनबुडाची. यात ज्याचं नाव घेतात तो कास्तियाचा राजा पेद्रो चौदाव्या शतकातला. हा उच्चार रुळला सोळाव्या-सतराव्या शतकांत. शिवाय बोबडेपणाच चिकटला असता तर एकही ‘स’ वाचला नसता. ‘ग्राथियास’च्या शेवटचा ‘स’ तर ठणठणीत आहे! हे दोन वेगळे ध्वनी आहेत: ‘कासा’ म्हणजे घर, ‘काथा’ म्हणजे शिकार. (हा ‘थ’ आपल्या थाळीतला नव्हे. जिभेचं टोक दातांमध्ये आणून नुसती हवा सोडायची.) लॅटिन अमेरिकेत आणि कॅनरी बेटांवर हा भेद नाही, म्हणून तिथली भाषा अशुद्ध ठरत नाही. स्पॅनिशचा कोश आणि व्याकरण आज 23 अकादमी मिळून ठरवतात. त्यामुळे ‘शुद्ध स्पॅनिश फक्त सालामांकाचं’ हा दावाही विसरा. पुणेरी मराठीची बढाई ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पहिल्याच सकाळी पातळी ठरवणारी चाचणी असते, थोडी लेखी, थोडी तोंडी. इथून बी-वन पातळी करून गेलेल्याला वाटतं, आता पुढची बी-टूच मिळणार. लेखी भागात आपली मुलं क्रियापदांची रूपं घडाघडा लिहितात. समोरच्या बाई रोजच्या वेगाने बोलू लागल्या की गाडी अडते आणि खालचा वर्ग मिळतो. ही नापासी नव्हे. वर्ग फारच सोपा निघाला, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत बदलून मागता येतो. मला विचाराल तर मागू नये. कान तयार होतो तो खालच्याच वर्गात.

‘यजमान कुटुंब जेवायला घालतं, मग काळजी कसली?’ काळजी घड्याळाची. सकाळी कॉफी आणि टोस्ट, मुख्य जेवण दुपारी दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. हा आळस नव्हे. स्पेनचं घड्याळ 1940 पासून मध्य युरोपच्या वेळेवर चालतं आणि सालामांका तर देशाच्या पश्चिमेला. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तोच सव्वादोननंतर, आणि जूनअखेरीस मावळतो रात्री दहाच्या सुमारास. सूर्याच्या हिशेबाने ही मंडळी वेळेवरच जेवतात. तुम्ही मात्र पिशवीत चिवडा ठेवा.

शाकाहाऱ्यांनी तर ‘व्हेजिटेरियन’ एवढ्या एका शब्दावर विसंबूच नये. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या साध्या सॅलडवर ट्यूना असतो, मसुरात चोरिथो म्हणजे डुकराचं सॉसेज, मटारात हॅमचे तुकडे. ‘कार्ने’ म्हणजे मांस नको म्हटलं तरी हॅम ताटात येऊ शकतं, कारण अनेकांच्या लेखी ते ‘कार्ने’त मोडतच नाही. एकेका जिन्नसाचं नाव घ्या: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून (मांस, हॅम, मासे, ट्यूना यांशिवाय). तोर्तिया मागवलीत तर मेक्सिकन पोळी येणार नाही, बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट येईल. अंडं चालत असेल तर पहिला आठवडा त्यावर सहज निघतो.

तिथे राहिलं की भाषा आपोआप येते, हेही अर्धसत्यच. मधल्या सुट्टीत वर्गातले जर्मन, अमेरिकन, कोरियन आपसांत इंग्रजीच बोलतात. त्यापेक्षा यजमानीणबाईंना भांडी पुसायला मदत करताना जास्त स्पॅनिश कानावर पडतं.

आणि कोर्सअखेरीस मिळणारा दाखला म्हणजे ‘डेले’ नव्हे. ती इन्स्तितुतो सेर्वान्तेसची स्वतंत्र परीक्षा, वेगळं शुल्क भरून द्यायची. तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते आणि ती दिल्लीतही देता येते.